माझ्यातून एक थेंबही गळला नव्हता

मी एक जुना रेडिएटर आहे, मित्रांनो, आणि मी भयंकर चिडलेलो आहे. आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू बहुधा गोड बोलतात. मालकाचे उपकार मानतात आणि शेवटी डोळे पुसतात. मला ते जमणार नाही. माझ्यावर खोटा आळ आला होता. तो ज्यांनी घेतला ते वाईट लोक नव्हते, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. वाईट माणसावर चिडून माणूस मोकळा तरी होतो.

मी आकाराने तुमच्या दप्तराएवढा आहे. आतल्या नळ्या तांब्याच्या, त्यांच्यावरच्या पातळ पट्ट्याही तांब्याच्या, आणि दोन बाजूंना पितळेच्या टाक्या. मला दोन तोंडे आहेत. एकातून गरम पाणी आत येते, दुसऱ्यातून निवून बाहेर जाते. दोन तोंडे असून एकातूनही शब्द निघत नाही, हे माझे दुर्दैव.

माझा जन्म जर्मनीतला. एका व्हॅनमध्ये मला बसवले होते ते थंडीत माणसांचे पाय शेकायला. इंजिनाचे गरम पाणी माझ्यातून फिरायचे आणि त्याची ऊब मी आतल्या हवेला द्यायचो. तिथला मेकॅनिक दरवर्षी पाण्यात निळे कूलंट घालायचा. ते पाण्यातले औषधच समजा. ते असले की तांबे, पितळ, ॲल्युमिनियम असे सगळे धातू एकाच पाण्यात गुण्यागोविंदाने नांदतात. पंधरा वर्षे मी तिथे सुखात होतो आणि हे सुख आहे हे मला माहीतही नव्हते.

मग व्हॅन विकली गेली. जहाजातून घानाला आली, कुमासीला पोहोचली आणि ट्रोट्रो झाली, म्हणजे माणसे कोंबून नेणारी भाड्याची गाडी. तिच्या नव्या ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी माझे बटण फिरवले आणि पायाशी गरम झोत आल्यावर तो पोट धरून हसला.

"पाय शेकायची पेटी? कुमासीत? अरे, इथं देव रोज फुकटात शेकतोय आम्हाला!"

सगळी गाडी हसली. हसा म्हटले. पण पुढे जे केले ते हसण्यासारखे नव्हते. इंजिन तापले की गाडीतला पोऱ्या रस्त्यावर विकायला आलेली पिण्याच्या पाण्याची पिशवी दातांनी फाडायचा आणि ते पाणी ओतून मोकळा व्हायचा. कूलंटचे नावही कोणी घेतले नाही. माझे तांबे, इंजिनाचे डोके, म्हणजे त्याचे वरचे झाकण, ॲल्युमिनियमचे, आणि मध्ये साधे पाणी. मित्रांनो, असे झाले की ॲल्युमिनियम कुरतडले जाते. मी ते मुद्दाम करत नाही. साध्या पाण्यातून आम्ही एकमेकांना लागलो की त्याचे खाणे सुरू होते आणि मला ते थांबवता येत नाही. दोन वर्षांत त्या डोक्याला भोके पडली. ड्रायव्हरने रस्त्यांना शिव्या दिल्या.

गाडी सुआमेला आली. सुआमे म्हणजे कुमासीचे गॅरेज. एक नव्हे, हजारो गॅरेजांचे गाव. तिथे अताकोरा उस्तादाने इंजिन उघडले. त्याने ते खाल्लेले ॲल्युमिनियम बोटाने चाचपून पाहिले होते, हे लक्षात ठेवा. त्याने डोके बदलले आणि पुन्हा पिशवीतलेच पाणी ओतले. मला काढून वरच्या फळीवर टाकले. त्या फळीवर मी नऊ वर्षे धूळ खाल्ली.

आता ड्यूफीची गोष्ट सांगतो. ती अताकोराची भाची. या लोकांत घराणे आईकडून चालते, म्हणून मामाचा शब्द बापाच्या वरचा. गॅरेजच्या मागे पत्र्याच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर होता आणि त्यावर ती हलती चित्रे बनवायची. कुमासीत माणूस गेला की त्याचा मोठा सोहळा होतो. मांडव पडतात, माणसे लाल-काळी वस्त्रे नेसून येतात आणि मोठ्या पडद्यावर गेलेल्याचे आयुष्य दाखवतात. ते आयुष्य ड्यूफी बनवायची.

नोव्हेंबरात तिची आईच गेली. क्येरेवा तिचे नाव. सुआमेतल्या निम्म्या मेकॅनिकांना ती रविवारी भाताचे गोळे आणि शेंगदाण्याची आमटी खाऊ घालायची. आमटीचे भांडे इतके मोठे, की त्यात लहान मूल बसले असते. घराण्याचा प्रमुख म्हणून मामाने सोहळ्याची तारीख ठरवली, मार्चचा शेवटचा शनिवार. क्येरेवाचे सगळे मिळून सातच फोटो होते. प्रत्येकात ती कामात, मान खाली नाहीतर पाठमोरी.

"सात फोटोंवरून मी तिला पडद्यावर चालती करणार," ड्यूफी मामाला म्हणाली. "आणि शेवटी ती मागे वळून बघेल. एकदाच. सगळ्यांकडे."

 मामा नुसता हातातला पाना पुसत राहिला.

ते वळून बघणे बनवायला हजारो चित्रे लागतात. कॉम्प्युटरातले ग्राफिक्स कार्ड ती एकेक करून रंगवते आणि रंगवताना चुलीसारखे तापते. त्यात जानेवारीत वाळवंटाकडून कोरडा वारा येतो, त्याची पिठासारखी धूळ पंख्यांत जाऊन बसते. कार्ड नव्वद अंशांवर गेले की स्वतःला वाचवायला बंद पडायचे. दिवसाला वीस चित्रेही निघेनात. ड्यूफी पुठ्ठ्याने वारा घालत बसायची. उघड्या दारातून तिच्याकडे बघून मला फळीवर कसेतरी व्हायचे.

शेवटी तिने बोआडीला बोलावले. अडुम बाजारात त्याचे कॉम्प्युटरचे दुकान. जेमतेम तिशीचा, पण कामातला. गॅरेजमध्येच, माझ्या फळीखाली, तिघांची चर्चा झाली. मी शब्दन् शब्द ऐकला.

"पंखे वाढवून उपयोग नाही, धूळच वाढेल," बोआडी म्हणाला. "याला पाण्यानंच थंड करायला हवं. बंद डब्यातला तयार संच मिळतो, रंगीत दिव्यांचा. दिसतो झकास. पण त्याची भोकं तुझ्या कार्डाला जुळत नाहीत, आणि एवढ्या उष्णतेला तो पुरायचाही नाही."

"मग दिवे काय ओवाळायला लावतात का?" मामाने विचारले.

"विकायला लावतात, उस्ताद. आपण सुटे भाग घेऊ. कार्डावर बसणारा, आतून पाणी फिरणारा तांब्याचा ठोकळा, एक पंप, एक रेडिएटर. तांब्याला तांबं. आणि आत कूलंट. ठोकळा बाहेरून मागवावा लागेल, तीन आठवडे लागतील."

"तीन आठवडे! मी तीन तासांत ओततो."

"कशाचा?"

मामा आत गेला आणि क्येरेवाचे भांडे घेऊन बाहेर आला. ॲल्युमिनियमचे. तळाला काळे, कडेला तिच्या पळीने झिजलेले.

"हे असंच पडून राहणार," तो म्हणाला.  "तिच्या भांड्याचाच ठोकळा ओततो. तिचं चित्र तिचंच भांडं थंड ठेवील. आणि रेडिएटर तर वर पडलाच आहे."

मला खाली काढले. नऊ वर्षांनी कोणीतरी मला हात लावला, आणि खरे सांगतो, एक क्षण मला आनंद झाला. मग कळले कोणाबरोबर बसायचे आहे ते, आणि मी आतून कळवळलो.

"उस्ताद, रागावू नका," बोआडी हळूच म्हणाला. "रेडिएटर तांब्याचा आहे. भांडं ॲल्युमिनियमचं. दोन्ही एका पाण्यात ठेवले तर..."

"किती इंजिनं उघडलीस रे तू?"

"एकही नाही."

"मी तीस वर्षं उघडतोय. दुकानात बसून डबे विकणाऱ्यानं मला धातू शिकवायचा? तुझ्या वयाचे पाने आहेत माझ्या पेटीत!"

 बोआडीने ड्यूफीकडे पाहिले. मित्रांनो, तिला कळले होते. ती शिकलेली मुलगी, तिने हे सगळे आधीच वाचले होते. तिथे तिच्या एका शब्दाने काम झाले असते. पण समोर मामा होता, त्याच्या हातात आईचे भांडे होते, आणि मामाने दिलेले नाकारायची तिथे रीत नाही.

"मामा म्हणतात तसंच करू," ती म्हणाली.

झाले! तीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस आपल्याच डोळ्यांनी पाहिलेली भोके विसरला, आणि शिकलेल्या मुलीने तोंडाला कुलूप लावले. मला दोन तोंडे होती, पण त्यांना त्यांनी नळ्या जोडल्या.

भांडे भट्टीत गेले. वाळूच्या साच्यात ओतून, घासून मामाने ठोकळा केला. काम सुबक होते, ते मी नाकारणार नाही. कार्डाच्या भोकांना भोके बरोबर जुळली. पंप चालू केला आणि त्याने आत काय ओतले सांगू? पिशवीतले पाणी. गाडीत ओततात तेच. दातांनी फाडून.

आणि सुरुवातीला सगळे छान झाले, हा तर सगळ्यात मोठा घात. कार्ड नव्वदवरून साठावर आले. दिवसाला तीनशे चित्रे निघू लागली. शेजारच्या गॅरेजांतली माणसे बघायला येऊ लागली. मामा मला थोपटून म्हणायचा, "जर्मन आहे, पण राबतो आपल्यासारखा." कोणी भातगोळे खाता खाता म्हणायचे, "क्येरेवा अजून सुआमेला थंड ठेवतेय." ड्यूफी हसायची. सगळे माझे कौतुक करत होते आणि मी रोज थोडे थोडे त्यांच्या क्येरेवाचे भांडे कुरतडत होतो. असल्या कौतुकाला काय करायचे?

महिन्याभरात पारदर्शक नळीत पांढरे धागे दिसू लागले. मग पीठ. बोआडी एकदा सहज डोकावला आणि नळीकडे बघतच राहिला.

"ड्यूफी, हे ॲल्युमिनियम आहे. विरघळतंय ते. आताच पाणी काढ."

"सोहळा झाल्यावर काढते."

"मामाला सांगितलंस?"

"काय सांगू? की तुमच्या बहिणीचं भांडं विरघळतंय?"

"मग मी सांगतो."

"नको. तुला शपथ आहे."

पुन्हा कुलूप. या खेपेला दोघांच्या तोंडाला.

सोहळ्याच्या आधीचा बुधवार. दुपारचे तीन वाजले असतील. शेवटच्या वळून बघण्याची नऊशे चित्रे उरली होती. अचानक टेबलावर पाणी दिसले, मग कार्डाच्या पाठीवरून एक ओघळ आला. ड्यूफीने किंचाळून वीज तोडली. मामा धावत आला. त्याने ओल्या टेबलाकडे पाहिले, ठोकळ्याकडे पाहिले, आणि मग माझ्याकडे.

"जुना रेडिएटर," तो म्हणाला. "तरी वाटलंच होतं. भंगार ते भंगारच. हाच गळला."

मला नळ्यांतून उपटले आणि तारेला उलटे टांगले. माणसे जमली. जो तो येऊन माझ्या पट्ट्यांवर टिचकी मारून जायचा. "हाच का तो?" "याच्यामुळं क्येरेवा वळायची राहिली." त्यातला एक तर माझ्यावर थुंकला. सव्वीस वर्षांच्या आयुष्यात मी एक थेंब गाळला नव्हता! अंगात पाणी राहिले असते तर मी तिथल्या तिथे उकळून फुटलो असतो.

ड्यूफी कोपऱ्यात कार्ड मांडीवर घेऊन, फडक्याने टिपत बसली होती. ती रडत नव्हती. बराच वेळ ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग उठली.

"मामा, टबात बुडवून बघा."

"काय?"

"गाडीचा रेडिएटर गळला तर तुम्ही काय करता? टबात बुडवून हवा भरता. यालाही बुडवा."

"वेळ कुठे आहे पोरी? दिसतंय की."

"मला दिसत नाही. तुम्ही गिऱ्हाइकाला असं न बघता कधी सांगितलंय का?"

 सगळ्यांसमोर भाचीने मामाला असे बोलायचे नसते.  पण तिने त्याला त्याच्या कामावर बोट ठेवून विचारले होते, आणि काम म्हटले की तो खोटे करणारा माणूस नव्हता. त्याने टब ओढला. माझे एक तोंड रबराने बंद केले, दुसऱ्याला पंप लावला आणि मला पाण्यात दाबले.

त्याने हवा मारली. सगळे वाकून बघत होते. एकही बुडबुडा आला नाही. त्याने आणखी जोर लावला. पाणी आरशासारखे शांत. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला कोणी मानपत्र दिले नाही, पण त्या शांत पाण्यापुढे ते काय देणार?

"आता ठोकळा," ड्यूफी म्हणाली.

मामाने ठोकळा बुडवला. पहिल्याच दाबाला बुडबुड्यांची माळ वर आली. दुसऱ्या बाजूनेही आली. त्याने तो बाहेर काढला, पाना घालून उघडला आणि आत बोट फिरवले. बोटाला पांढरा चिखल लागला. आतून भिंत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी झाली होती. तेच बोट, तीच भोके. नऊ वर्षांपूर्वीची. मला त्याच्या डोळ्यांत दिसले, त्याला आठवले.

"मी पाहिलं होतं हे," तो म्हणाला. "त्या व्हॅनमध्ये. मी पाहिलं होतं."

"मलाही माहीत होतं, मामा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या हातात आईचं भांडं होतं."

मामा तो ठोकळा मांडीवर घेऊन बसला. बहिणीच्या मृत्यूनंतर तो सगळ्यांदेखत पहिल्यांदा रडला. मी टबाच्या कडेला निथळत पडलो होतो. मला वाटले होते, खरे बाहेर आले की माझा राग जाईल. तो गेला नाही.

गुरुवारी सकाळी, हे मी नंतर ऐकले, अताकोरा उस्ताद अंघोळ करून, चांगला सदरा घालून अडुमला गेला आणि बोआडीच्या दुकानात उभा राहिला. बसला नाही. बोआडी घाबरून उठला.

"मला तांब्याचा ठोकळा हवाय," मामा म्हणाला. "आणि आत काय ओतायचं ते तू सांग. मी ऐकतो."

"नवा नाही, उस्ताद. दुसऱ्या कार्डाचा एक जुना आहे. भोकं जुळणार नाहीत."

"भोकांचं माझ्यावर सोड."

त्या दिवशी मला पहिल्यांदा माणसे जशी वागायला हवीत तशी वागलेली दिसली. बोआडीने कार्ड स्पिरिटने धुऊन खिडकीच्या उन्हात वाळवले. मामाने पितळेची पट्टी कापून जुन्या ठोकळ्याला जोडली आणि तिला कार्डाच्या मापाची नवी भोके पाडली. मला बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याने इतक्या वेळा धुतले, की मी मोजणे सोडून दिले. मग कूलंट. निळे! किती वर्षांनी! ओतायच्या आधी मामाने बोआडीला तीनदा विचारले, "हेच ना? एवढंच ना? आधी पाणी की आधी हे?" मध्येच ड्यूफी म्हणाली, "मामा, तो पेच जास्त आवळताय," आणि मामाने तो सैल केला. कोणाचाही मान कुठे गेला नाही.

संध्याकाळी सहाला वीज जोडली.  पडदा उजळला. कार्ड जगले होते.

नऊशे चित्रे, एकेकाला दोन मिनिटे. मध्ये वीज दोनदा गेली. शेवटचे चित्र शनिवारी उजाडता उजाडता निघाले. ड्यूफीचा आता दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर विश्वास उरला नव्हता, म्हणून कॉम्प्युटर जसाच्या तसा मांडवात नेला, आणि त्याच्याबरोबर मीही गेलो. म्हणून पुढचे मी स्वतः पाहिलेले आहे.

लाल-काळ्या वस्त्रांतली हजारभर माणसे. ढोल थांबले आणि पडद्यावर क्येरेवा आली. पहाटेच्या अंधारात लाकडे घेऊन चालणारी, मग भात मळणारी, मग भांड्यापुढे वाकून आमटी ढवळणारी, पाठमोरी. भांडे हुबेहूब होते. तळाची काजळी, कडेची झीज, सगळे. मग तिचा हात थांबला, मान वळली आणि तिने थेट सगळ्यांकडे पाहिले, जेवायला उशीर केलेल्या मेकॅनिकांकडे बघावे तसे. मागच्या रांगेतून कोणीतरी चटकन म्हणाले, "आलो, क्येरेवा!" मांडव हसला आणि त्याच श्वासात रडला.

चित्र संपल्यावर घराण्याच्या प्रमुखाने बोलायचे असते. तो स्वतः बोलत नाही. तो कुजबुजतो आणि शेजारचा प्रवक्ता ते मोठ्याने, सजवून सांगतो. प्रवक्ता काठी घेऊन पुढे झाला. मामाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केले आणि स्वतःच उभा राहिला.

"ते भांडं पाहिलंत ना?" तो म्हणाला. "ते आता कुठेही नाही. माझ्या बहिणीचं ते भांडं मी वितळवलं. मला एकानं सांगितलं होतं, असं करू नका. मी त्याचं तोंड बंद केलं. माझ्या भाचीनं माझ्या धाकानं स्वतःचं बंद केलं. ते भांडं आता फक्त या चित्रात आहे. आणि सगळ्यांनी ज्याला भंगार म्हटलं, तो रेडिएटर त्या टेबलामागे बसलाय. त्यानं काही केलं नव्हतं."

हजार माणसे माझ्याकडे वळून बघू लागली. क्येरेवासारखीच.

आज मी ड्यूफीच्या कॉम्प्युटरामागे आहे. दर सहा महिन्यांनी माझे पाणी बदलतात आणि तो भोकांचा ठोकळा मामाच्या बाकावर खिळ्याला लटकलेला आहे. तरी माझा राग पुरता गेलेला नाही, मित्रांनो, कारण भांडे परत आलेले नाही.

आमच्यासारख्या वस्तूंची काळजी घ्या, पुसा, तेल घाला, हे तुम्हाला सगळेच सांगतील. मी तेवढ्यावर सोडणार नाही. आमच्यात काही ओतण्याआधी आम्ही कशाचे आहोत ते विचारा. ज्याला माहीत असेल त्याने सांगा, समोर कोणीही असो, त्याच्या हातात काहीही असो. मला दोन तोंडे आहेत आणि मी बोलू शकलो नाही. तुम्हाला एक आहे, आणि तुम्ही बोलू शकता.